सहाने भागा, पाचाने भागा : रीच नोंदणीतून माल युरोपात नेताना

युरोपीय संघात रसायन विकायचं तर विज्ञानाच्या आधी वजनाचा हिशेब येतो. रीच कायदा (क्रमांक १९०७/२००६, १ जून २००७ पासून लागू) सांगतो की एका आस्थापनेच्या नावावर एकाच पदार्थाचा कॅलेंडर वर्षात एक टन किंवा त्याहून जास्त माल आला, की नोंदणी हवी. नोंदणी नसेल तर बाजार बंद. पहिली चूक इथेच होते, कारण आपल्याकडे ड्रम मोजायची सवय आणि कायदा मोजतो तो पदार्थ. पिगमेंटचा प्रेसकेक १,८०० किलो गेला आणि त्यात निम्मं पाणी असेल, तर हिशेबात ९०० किलोच धरायचे. पाणी काढून टाकलं तरी पदार्थ जसाच्या तसा राहतो, म्हणून ते त्याचा भाग नाही.

नोंदणी करणारा युरोपीय संघातलाच असावा लागतो. तारापूरच्या किंवा लोट्याच्या कारखान्याला हेलसिंकीतल्या ‘एका’कडे (ईसीएचए), म्हणजे युरोपीय रसायन संस्थेकडे, स्वतःच्या नावाने जाता येत नाही. मग दोन वाटा उरतात. एक, तिथल्या आयातदाराने नोंदणी करायची. पण मग नंबर त्याचा, आणि पुढच्या वर्षी दर पाडून मागताना तो नंबर त्याच्या खिशात असतो. दुसरी, कलम ८ खाली आपण ‘ओन्ली रिप्रेझेंटेटिव्ह’ नेमायचा. धंद्यात सगळे त्याला ओआर म्हणतात. ओआर नेमला की आपले सगळे आयातदार कायद्याच्या भाषेत नुसते वापरकर्ते होतात. नेमायचा अधिकार मात्र बनवणाऱ्याला आहे, व्यापाऱ्याला नाही. मुंबईच्या वडगादीतल्या रसायन-बाजारातून माल गोळा करून पाठवणाऱ्या पेढीला ओआर नेमता येत नाही. तिला मूळ कारखान्याचंच दार ठोठवावं लागतं.

यात एक गंमत आहे. तीन आयातदार प्रत्येकी ४०० किलो नेत असतील तर त्यातल्या कोणालाच नोंदणी लागत नाही. पण तुम्ही ओआर नेमलात की तिघांची बेरीज त्याच्या खात्यावर चढते, १,२०० किलो, आणि नोंदणी बंधनकारक होते. घाईने ओआर नेमून हा खर्च अंगावर ओढून घेतलेले लोक आहेत. दुसरं, ओआरशी करार करताना ‘नोंदणी दुसऱ्या ओआरकडे हलवता येईल’ हे कलम पहिल्याच दिवशी घाला. ब्रेक्झिटच्या वेळी ज्यांचा ओआर ब्रिटनमध्ये होता त्या सगळ्यांना २०२० संपायच्या आत नोंदणी संघातल्या कोणाकडे तरी हलवावी लागली. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनचा रीच वेगळा, नोंदणी वेगळी, खर्चही वेगळा.

वजन आणि नोंदणीदार ठरला की पुढचा प्रश्न: हा पदार्थ नक्की कोणता? ऐकायला बालिश वाटतो, पण सर्वांत जास्त वेळ इथेच जातो. रंगधंद्यातलं एच-ॲसिड घ्या. मुक्त आम्लाचा कॅस क्रमांक (रसायनाचा जागतिक ओळख-क्रमांक) ९०-२०-०, मोनोसोडियम सॉल्टचा ५४६०-०९-३. इन्व्हॉइसवर वर्षानुवर्षं एक क्रमांक छापला जातो आणि पिशवीत जातो दुसरा. आपल्याला दोन्ही ‘एच-ॲसिड’च, रीचला हे दोन पदार्थ, दोन नोंदण्या. हायड्रेट असेल तर मात्र निर्जल रूपाच्या नोंदणीत ते चालतं. हा फरक माहीत नसल्याने चुकीच्या पदार्थाच्या नोंदणीत पैसे भरून बसणं सहज घडतं.

ओळख पटवायला क्यूसीचा टायट्रेशनचा आकडा पुरत नाही. ९८.५ टक्के म्हणजे उरलेल्या दीड टक्क्यात काय, हे टायट्रेशन सांगत नाही, आणि ‘एका’ला नेमका त्यातच रस असतो. मुख्य घटक ८० टक्क्यांच्या वर असेल तर पदार्थ एकघटकी. १० ते ८० च्या मधले एकाहून अधिक घटक असतील तर बहुघटकी. घटक इतके आणि असे बदलते असतील की बांधताच येत नाहीत, तर तो युव्हीसीबी, आणि मग घटकांइतकंच प्रक्रियेचं वर्णनही ओळखीचा भाग होतं. एक टक्का किंवा त्याहून जास्त असलेली प्रत्येक अशुद्धी नावाने द्यायची. वर्गीकरण बदलवणारी असेल तर त्याहून कमी असली तरी. सोबत यूव्ही, आयआर, एनएमआर किंवा मास स्पेक्ट्रम, आणि एचपीएलसी किंवा जीसीचा क्रोमॅटोग्राम. क्रोमॅटोग्रामवर शिखरं दिसतात पण खाली पीक टेबल नाही, किंवा स्पेक्ट्रम एका बॅचचा आणि क्रोमॅटोग्राम दुसऱ्या बॅचचा, असं झालं की कागद परत येतात. एकच बॅच निवडा, तिचा किलोभर नमुना बाजूला ठेवा, आणि सगळी यंत्रं तिच्यावरच चालवा. चाचण्यांनाही पुढे तीच बॅच जाऊ द्या.

मग कलम २६ खाली चौकशी-डोसियर, म्हणजे माहितीची फाइल. आययूक्लिड नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये तो बांधायचा आणि रीच-आयटीतून पाठवायचा. ‘एका’ तुमच्या पदार्थाची ओळख तपासतं आणि त्याच पदार्थाचे आधीचे नोंदणीदार कोण ते दाखवतं. ‘एक पदार्थ, एक नोंदणी’ हा नियम असल्याने त्यांच्या गटात शिरावं लागतं. गटाच्या म्होरक्याने चाचण्यांचा खर्च केलेला असतो. त्यातला आपला वाटा भरला की ‘लेटर ऑफ ॲक्सेस’ आणि जोडणीचं टोकन मिळतं. या पत्राची किंमत ऐकून पहिल्यांदा सगळ्यांचेच डोळे पांढरे होतात. पण ती मुकाट्याने भरायची नसते. नियम २०१६/९ प्रमाणे खर्चाचा तपशील चाचणीवार मागण्याचा हक्क आहे, आणि आपल्या टनेज बँडला, म्हणजे वर्षाच्या टनांच्या पट्ट्याला, लागते तेवढ्याच माहितीचे पैसे द्यायचे असतात. १ ते १० टनांच्या नोंदणीदाराकडून ९० दिवसांच्या उंदीर-चाचणीचा वाटा कोणी मागत असेल तर लेखी विचारा. शिवाय १२ वर्षांपूर्वी नोंदणीत सादर झालेले अभ्यास-सारांश पुढच्या नोंदणीदाराला वापरता येतात, हे कलम २५ मध्ये लिहिलेलं आहे आणि वाटाघाटीत ते कोणी आपणहून सांगत नाही.

किती माहिती लागते हे टनांवर ठरतं. १ ते १० टनांना परिशिष्ट ७: वितळणबिंदू, विद्राव्यता, ऑक्टेनॉल-पाणी विभाजन वगैरे भौतिक गुण, त्वचा आणि डोळ्यांच्या काचपात्रातल्या चाचण्या, त्वचेच्या ॲलर्जीची चाचणी, एम्स (जिवाणूंवरची जनुकीय बदलाची चाचणी), तोंडावाटे तीव्र विषाक्तता, डॅफ्निया (पाणपिसू), शैवाल, आणि सहज जैवविघटन. १० टनांनंतर परिशिष्ट ८: २८ दिवसांची उंदरांवरची चाचणी, प्रजननाची प्राथमिक चाचणी, मासे, शिवाय रसायन सुरक्षा अहवाल. १०० आणि १,००० टनांवर परिशिष्ट ९ आणि १०. या दोन परिशिष्टांतली चाचणी आधी ‘एका’ला प्रस्ताव पाठवून, मंजुरी मिळाल्यावरच करायची. मणक्याच्या प्राण्यावरची चाचणी हा शेवटचा उपाय, असं कायदाच म्हणतो. प्रस्ताव ४५ दिवस जाहीर ठेवला जातो, की कोणाकडे ही माहिती आधीच असेल तर द्यावी.

विषशास्त्रीय आणि पर्यावरणीय चाचण्या जीएलपी (गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस) पाळणाऱ्या प्रयोगशाळेतच हव्यात. भारत २०११ पासून ओईसीडीच्या परस्पर-स्वीकृती व्यवस्थेत पूर्ण सदस्य आहे, त्यामुळे इथल्या जीएलपी प्रयोगशाळेचा अहवाल तिथे चालतो. खर्चाच्या दृष्टीने हा मोठा दिलासा. पण जीएलपी असणं म्हणजे चाचणी पुरेशी असणं नव्हे. एम्स चाचणी (ओईसीडी ४७१) पाहा. जिवाणूंचे पाच वाण लागतात: साल्मोनेलाचे टीए९८, टीए१००, टीए१५३५, टीए१५३७, आणि पाचवा ई. कोलाय डब्ल्यूपी२ किंवा टीए१०२. जुन्या अहवालांत पहिले चारच असतात. हा पाचवा वाण ऑक्सिडेशनने किंवा डीएनएचे धागे एकमेकांत अडकवून होणारं नुकसान पकडतो, ते बाकीच्या चौघांना दिसत नाही. चार वाणांचा ‘निगेटिव्ह’ म्हणजे अर्धवट उत्तर, आणि फक्त पाचव्या वाणासाठी पुन्हा चाचणी करायची वेळ येते. डॅफ्नियाच्या चाचणीत दुसरा खड्डा: पाण्यात किती घातलं ते लिहिलेलं असतं, किती राहिलं ते मोजलेलं नसतं. प्रत्यक्ष प्रमाण २० टक्क्यांहून जास्त सरकलं तर निकाल मोजलेल्या आकड्यावर मांडावा लागतो. चिकटणारा किंवा उडून जाणारा पदार्थ असेल आणि मोजमाप नसेल, तर सगळी चाचणी पाण्यात.

आता गाभ्याकडे. धोका आणि जोखीम हे युरोपीय पद्धतीत दोन वेगळे शब्द आहेत. धोका पदार्थाच्या अंगात असतो. जोखीम म्हणजे तो धोका माणसापर्यंत किती पोचतो. मोजायला दोन आकडे लागतात: सुरक्षित पातळी आणि प्रत्यक्ष संपर्क. सुरक्षित पातळी कशी निघते ते एका काल्पनिक पदार्थावर करून दाखवतो.

समजा २८ दिवसांच्या चाचणीत उंदरांना (रॅट, घरातला नव्हे) रोज किलोमागे १०० मिलिग्रॅम दिलं तरी काही अपाय दिसला नाही. कामगाराच्या त्वचेसाठी हा आकडा खाली आणायचा. उंदराचा चयापचय माणसापेक्षा जलद, म्हणून ४ ने भागा. प्रजातींमधल्या उरलेल्या फरकासाठी २.५ ने. कामगार-कामगारांत फरक असतो म्हणून ५ ने. सर्वसामान्य लोकांसाठी, ज्यात मुलं, म्हातारे, आजारी आले, ५ च्या जागी १० ने. चाचणी २८ दिवसांची आणि नोकरी तीस वर्षांची, म्हणून ६ ने. गुणाकार ३००. उत्तर: किलोमागे रोज ०.३३ मिलिग्रॅम. याला डीएनईएल म्हणतात.

श्वासासाठी वाट थोडी वेगळी. १०० ला ०.३८ ने भागायचं, कारण आठ तासांत उंदीर किलोमागे तेवढे घनमीटर हवा घेतो. ६.७/१० ने गुणायचं, कारण काम करणारा माणूस स्वस्थ बसलेल्यापेक्षा जास्त हवा ओढतो. तोंडावाटे निम्मंच शोषलं गेलं आणि श्वासातून सगळं, असं धरून आणखी निम्मं करायचं. येतात ८८ मिलिग्रॅम प्रति घनमीटर. आता २.५, ५ आणि ६, म्हणजे ७५ ने भागायचं. इथे ४ पुन्हा वापरायचा नाही, तो श्वासाच्या रूपांतरात आधीच आलेला असतो. तो दोनदा लावलेले हिशेब आम्ही बरेच पाहिले आहेत. उत्तर १.१८.

या भागाकारांत एक गोष्ट लक्षात घ्या. ४ हा जीवशास्त्राचा आकडा आहे, पण ६ हा आपल्या अज्ञानाचा. ९० दिवसांची चाचणी असती तर ६ च्या जागी २ आला असता आणि अपाय न दिसणारी मात्रा तीच राहिली तर १.१८ चे ३.५ झाले असते. म्हणून कोणी म्हणेल, करून टाकू चाचणी. पण एक तर तिला आधी परवानगी हवी, आणि ९० दिवसांत मात्रा तीच राहील याची हमी नाही. यकृत २८ दिवसांत गप्प बसतं आणि ९० व्या दिवशी बोलतं. तेव्हा आकडा वाढण्याऐवजी घसरतो.

दुसरी बाजू संपर्काची. कामाचे प्रकार प्रॉक नावाच्या संकेतांत बसवायचे. पावडरच्या पिशव्या टाकीत ओतणं, खास त्या कामासाठी बांधलेल्या जागी असेल तर ८बी, नाही तर ८ए. मग ट्रा नावाच्या साधनात घालायचं: पावडर किती उडते, काम किती तास, मिश्रणात पदार्थ किती टक्के, जागेवर धूळ ओढणारा पंखा आहे का. समजा साधनाने ५ मिलिग्रॅम प्रति घनमीटर दाखवले. ५ भागिले १.१८ म्हणजे ४.२. हे गुणोत्तर एकच्या खाली आणावं लागतं. ओढपंख्याने ९० टक्के धूळ कमी धरली की ०.४२, सुटलो. तास चारच्या आत ठेवले तर ०.६ चा गुणक मिळतो. एकट्याने तो पुरणार नाही. मास्क घालूनही आकडा बसतो, पण मास्क शेवटी येतो. आधी बंदिस्त यंत्र, मग पंखा, मग मास्क. इथली खरी फसगत म्हणजे गणितासाठी पंखा ‘लावणं’. आकडा बसवायला टिचकी मारली, आणि ती ओळ सेफ्टी डेटा शीटच्या परिशिष्टात ग्राहकाकडे गेली. ग्राहकाकडे पंखाच नाही. नोंदणी क्रमांक असलेली शीट हाती आल्यापासून १२ महिन्यांत त्याला ती परिस्थिती पाळावी लागते किंवा स्वतःचा अहवाल करावा लागतो. तो तिसरा मार्ग निवडतो: पुरवठादार बदलतो. म्हणून प्रॉक भरण्याआधी ग्राहकाला साधा प्रश्न विचारा, पिशव्या कुठे आणि कशा फोडता?

पाण्याचा हिशेबही असाच. डॅफ्निया, शैवाल, मासे यांच्या तीव्र चाचण्यांतला सर्वांत कमी आकडा ८ मिलिग्रॅम प्रति लिटर असेल तर १,००० ने भागून ०.००८. दीर्घ मुदतीच्या चाचण्या असतील तसा भाजक १००, ५०, १० असा उतरतो. आता एक रंगाईघर रोज एक किलो पदार्थ गटारात सोडतं असं धरा. गणितातलं सांडपाणी केंद्र ठरलेलं आहे: १०,००० वस्तीचं, दिवसाला २,००० घनमीटर, पुढे नदीत दहापट पातळ. एक किलो २,००० घनमीटरमध्ये म्हणजे लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम; नदीत ०.०५. गुणोत्तर सहाच्या वर. पण पदार्थ सहज विघटन होणारा ठरला (२८ दिवसांची ओईसीडी ३०१) तर केंद्रात साधारण ८७ टक्के नाहीसा होतो असं मॉडेल धरतं. गुणोत्तर ०.८. एका तुलनेने स्वस्त चाचणीने नदी वाचते आणि ऑर्डरही. चाचणी नापास झाली तर मात्र रंगाईघराला स्वतःचं शुद्धीकरण दाखवावं लागतं.

डोसियर पाठवल्यावर आधी परिपूर्णतेची तपासणी होते. काही भाग यंत्र तपासतं, पण २०१६ पासून माणसंही वाचतात. चाचणी का केली नाही या रकान्यात ‘लागू नाही’ एवढंच लिहून पूर्वी निभावत असे, आता नाही. १ ते १० टनांत परिशिष्ट ७ ची पूर्ण माहिती दिली तर शुल्क माफ आहे. वरच्या पट्ट्यांत लहान उद्योगाला सवलत मिळते, पण तिथे आकार ओआरचा नव्हे, आपला मोजतात, आणि त्यात भगिनी कंपन्यांची माणसं आणि उलाढालही येते. एकाच कुटुंबाच्या चार कंपन्या असतील तर ‘लघु’ची खूण करण्याआधी सीएला बसवा, पडताळणीत चूक निघाली तर सवलत हातची जाते.

नंबर आला म्हणजे युरोपने पदार्थ सुरक्षित ठरवला, असा समज ग्राहकाकडेही असतो. तसं नाही. जबाबदारी नोंदणीदाराची, ‘एका’ नंतर तपासतं. प्रत्येक टनेज पट्ट्यातले निदान २० टक्के डोसियर तपासायचं बंधन त्याच्यावर आहे. आधी ते ५ होतं. निर्णयाचा मसुदा आला की म्हणणं मांडायला ३० दिवस. सर्वांत जास्त फेटाळली जाते ती ‘रीड-अक्रॉस’, म्हणजे आपल्या पदार्थाची चाचणी न करता शेजारच्या पदार्थाचा निकाल लावणं. रेणूंची चित्रं सारखी दिसतात एवढ्यावर भागत नाही. दोन्ही शरीरात कशात मोडतात, दोघांची अशुद्धी काय, आणि निदान एखादी चाचणी दोघांवरही सारखीच वागते का, हे दाखवावं लागतं.

आणि मोठमोठ्या पदार्थांवर खुद्द तज्ज्ञांचंही एकमत होत नाही. एनएमपी हा द्रावक गर्भाला घातक. नेदरलँड्सने निर्बंधाचा प्रस्ताव आणला. युरोपची कामाच्या जागेची जुनी मर्यादा ४० मिलिग्रॅम प्रति घनमीटर होती. ‘एका’च्या जोखीम समितीने, म्हणजे रॅकने, आधी १० म्हटलं. दोन वैज्ञानिक समित्यांचे आकडे जुळेनात तेव्हा पुन्हा बसून रॅकने १४.४ काढला, आणि तोच २०१८ च्या निर्बंधात आला, त्वचेसाठी ४.८ सह. पदार्थ तोच, वाद होता तो कुठली चाचणी आधाराला घ्यायची आणि कशाने भागायचं याचा. पुढे डीएमएफ या द्रावकाला याच पद्धतीने ६ आणि १.१ मिळाले, १२ डिसेंबर २०२३ पासून लागू. टायटॅनियम डायऑक्साइडच्या बाबतीत तर रॅकच्या गणितात कणांची घनता वापरली गेली, पण कण फुफ्फुसात गुठळ्या होऊन जातात आणि गुठळीची घनता कमी असते, हे नीट धरलं नाही, म्हणून न्यायालयाने २३ नोव्हेंबर २०२२ ला कर्करोगाचं वर्गीकरण रद्द केलं. २०२५ मध्ये वरच्या न्यायालयानेही तेच कायम ठेवलं.

आमच्याकडे आता ओआरचा टनेज तक्ता दर महिन्याला भरतो. १० टनांच्या नोंदणीसमोर लाल रेघ आठ टनांवर मारलेली आहे, कारण वरच्या पट्ट्याच्या चाचण्या ऑर्डर आल्यावर सुरू केल्या तर वर्ष जातं. ऑक्टोबरात माल त्या रेघेला टेकला की डिसेंबरचा कंटेनर जानेवारीत पोचेल असा बेत आखायचा. हिशेब धरला जातो तो माल युरोपात उतरल्याच्या तारखेचा, न्हावा शेवाहून निघाल्याच्या नाही.